शाळेतला माठ आणि मुलांचं स्वास्थ्य



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर 'प्राथमिक शाळेतील मुलांचे आरोग्य : ऐतिहासिक आढावा' असा छापला आहे. तो वाचून काहींना वाटलं असेल, हा तर वैद्यकाचा विषय, तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस यात काय सांगणार? शंका रास्त आहे. आमच्या नावापुढे 'डॉ.' लागतं, पण त्या डॉक्टरकीनं कुणाचा ताप उतरल्याचं ऐकिवात नाही. मात्र मुलाचं आरोग्य म्हणजे नेमकं काय आणि शाळेवर त्याची जबाबदारी कुठून आली, हे प्रश्न दवाखान्यात सुटत नाहीत. त्यासाठी इतिहासात जावं लागतं. आज आपण हा इतिहास एका साध्या वस्तूच्या मागोमाग पाहणार आहोत. ती वस्तू म्हणजे शाळेच्या व्हरांड्यातला पाण्याचा माठ.

माठच का? आपण नागपूरकर आहोत, आपल्याला हे फार समजावून सांगायला नको. राज्यातल्या इतर शाळा जूनच्या मध्याला उघडतात, विदर्भातल्या शाळा उन्हामुळे आणखी काही दिवस थांबतात. ज्या प्रदेशात शाळेचं वेळापत्रक ऊन ठरवतं, तिथे मुलाच्या प्रकृतीचा पहिला प्रश्न पाण्याचाच असणार.

सुरुवात आमच्याच शाळेपासून करतो. साल १९५७-५८. कौलारू इमारत, व्हरांड्यात तिवईवर दोन माठ, एक ओगराळं आणि एक पितळी पेला. मधल्या सुट्टीत रांग लागायची. आम्ही पेल्यानं पाणी प्यायचो. आमच्या वर्गात जवळच्या वस्तीतला एक मुलगा होता, गणितात आमच्या कितीतरी पुढे. त्याची पाळी आली की तो वाकून ओंजळ धरायचा आणि शिपाई वरून पाणी ओतायचा. संविधानानं अस्पृश्यता रद्द करून आठ वर्षं होत आली होती. अस्पृश्यता (गुन्हे) कायदा १९५५ सालीच झाला होता. १४ ऑक्टोबर १९५६ला ज्या मैदानावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, ते याच शहरात, आणि त्या मुलाच्या घरचे सगळे त्या दिवशी तिथे गेले होते. तरी पेला आमच्यासाठी आणि ओंजळ त्याच्यासाठी. यात काही वावगं आहे असं आम्हाला त्या वयात वाटलं नाही. नंतरही बरीच वर्षं आठवलं नाही. ही गोष्ट सांगायला बरी वाटत नाही, पण इतिहास नेहमी दुसऱ्यांचाच सांगायचा ही सवय काही चांगली नव्हे.

आता थोडं शब्दांकडे वळू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. आपण 'आरोग्य' आणि 'स्वास्थ्य' हे शब्द एकाच अर्थानं वापरतो. पण 'आरोग्य' म्हणजे रोग नसणं. 'स्वस्थ' म्हणजे 'स्व'मध्ये स्थित असलेला, आपल्या जागी निवांत असलेला. 'दोन मिनिटं स्वस्थ बस' असं आई मुलाला म्हणते, तेव्हा ती त्याची नाडी पाहत नसते. जागतिक आरोग्य संघटनेची घटना ७ एप्रिल १९४८ला अंमलात आली. तिच्या प्रास्ताविकात आरोग्याची व्याख्या करताना केवळ रोगाचा अभाव पुरेसा मानलेला नाही, तर शारीरिक, मानसिक आणि सामाजिक सुस्थिती मिळून आरोग्य होतं असं म्हटलं आहे. म्हणजे जे आपल्या एका शब्दात होतं, ते जगानं दोन महायुद्धांनंतर लिहून काढलं. आमच्या त्या वर्गमित्राला रोग काही नव्हता. पण तो शाळेत स्वस्थ होता का? प्रश्न हा आहे.

आणखी मागे जाऊ. साधारण १९०० सालचं सातारा. शाळेत एक मुलगा आहे, भीमराव. त्यानं पुढे आपल्या आठवणी लिहिल्या, त्यात शाळेतल्या नळाची हकीकत आहे. इतर मुलांना तहान लागली की ती मास्तरांना विचारून नळावर जायची. याला नळाला हात लावायची मुभा नव्हती. शिपायानं नळ सोडायचा, मग यानं प्यायचं. शिपाई हजर नसेल तर तहान तशीच ठेवून घरी. बसायला गोणपाटाचा तुकडा, तोही घरून आणायचा आणि घरी न्यायचा, कारण शाळेचा झाडूवाला त्याला हात लावणार नाही. एका लहान मुलाच्या शरीराची ही शाळेतली व्यवस्था होती. याला आरोग्याचा इतिहास म्हणायचं की जातीचा? आम्ही म्हणतो, ही वाटणीच चुकीची आहे. तहान शरीराला लागते, आणि ती भागेल की नाही हे समाज ठरवतो.

त्याच सुमारास जगात 'शालेय आरोग्य' नावाची नवी गोष्ट आकार घेत होती. इंग्लंडमध्ये बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला आलेले कितीतरी तरुण शरीरानं नालायक ठरले. सरकारचे डोळे उघडले. १९०६ साली शाळेत जेवण देण्याचा कायदा झाला, १९०७ साली शाळकरी मुलांच्या वैद्यकीय तपासणीचा. हेतू काय होता ते लक्षात घ्या. मुलगा धडधाकट हवा, कारण साम्राज्याला शिपाई हवा.

आपल्याकडे पहिलं पाऊल बडोद्यानं टाकलं. सयाजीराव गायकवाडांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ साली अमरेली भागात सुरू केला आणि १९०६ साली सगळ्या संस्थानात ती सक्ती लागू केली. पुढे १९०९ साली बडोदा शहरात शाळेतल्या मुलांची वैद्यकीय तपासणी झाली. भारतातल्या शालेय आरोग्यसेवेची सुरुवात तिथून मानतात. हा क्रम अर्थपूर्ण आहे. आधी सक्ती, मग तपासणी. मूल स्वतःच्या मर्जीनं येत होतं तोवर त्याच्या प्रकृतीची जबाबदारी आईबापांची होती. तुम्ही कायद्यानं त्याला दिवसाचे पाच-सहा तास एका इमारतीत बसवलंत की त्या तासांतली त्याची भूक, तहान, लघवी, डोळे, पाठ, भीती हे सगळं तुमच्याकडे आलं. शाळेची आरोग्याबाबतची जबाबदारी कुणाच्या दयेतून येत नाही, ती या सक्तीतूनच येते.

पण तपासणीच्या तक्त्यात काय असतं? उंची, वजन, दात, नजर. 'याला पाणी कोण देतं?' असा रकाना त्यात नसतो. तो रकाना आरोग्य खात्यानं काढला नाही, तो दुसऱ्यांनी काढला. ४ ऑगस्ट १९२३ला मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा नव्हे, बरं का, सी. के. म्हणजे नायडू, आपले नागपूरचे क्रिकेटवीर. सीताराम केशव बोले यांचा, म्हणजे रावबहादूर एस. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी किंवा सार्वजनिक पैशानं बांधलेले पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा, तसंच शाळा, न्यायालयं, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. ही यादी पुन्हा एकदा मनात घोळवा. पाणी, शाळा आणि दवाखाना एकाच वाक्यात. आज आपण ज्याला मोठमोठ्या परिसंवादांत 'आरोग्याचा सर्वांगीण विचार' म्हणतो, तो इथे एका ठरावात झाला आहे. पण ठराव कागदावर राहिला, म्हणून २० मार्च १९२७ला महाडला चवदार तळ्यावर जावं लागलं.

आता आपल्या नागपूरला येऊ. जाईबाई चौधरी हे नाव इथे बसलेल्या किती जणांनी ऐकलं आहे? हात थोडे दिसतात. महार समाजातली ही बाई डोक्यावर ओझी वाहायची, नागपूर-कामठी भागात. तिला वाचता येतं हे एका मिशनरी बाईंच्या ध्यानात आलं, त्यांनी तिला शिक्षिकेची नोकरी दिली. शिकवणारी कोण आहे हे कळल्यावर स्पृश्य पालकांनी तक्रार केली आणि ती नोकरी गेली. जाईबाई पुन्हा ओझी वाहायला लागल्या, पण तिथे थांबल्या नाहीत. १९२२ साली त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली. मुलींना अक्षर शिकवणं हा त्या शाळेचा हेतू होताच. पण आणखी एक गोष्ट त्या भिंतींच्या आत आपोआप घडत असणार. तिथे मुलीला तहान लागली तर पाणी द्यायला शिपायाच्या मर्जीची गरज नव्हती. आरोग्यशिक्षणाचा पहिला धडा तिथेच पुरा होतो.

१९३७ साल मात्र नीट लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी दोन महिन्यांच्या अंतरानं दोन परिषदा झाल्या, एक वर्ध्याला आणि एक नागपूरला. दोन्ही गावांत जेमतेम ७५ किलोमीटरचं अंतर.

पहिली वर्ध्याची, २२ आणि २३ ऑक्टोबरची. अध्यक्ष गांधीजी. तिथून नई तालीम, म्हणजे मूलोद्योगी शिक्षण निघालं. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं अभ्यासक्रम आखला आणि सेवाग्रामला आशादेवी आणि आर्यनायकम् या दांपत्यानं शाळा चालवली. त्या शाळेत आरोग्य हा आठवड्यातून एकदाचा तास नव्हता. सकाळची सफाई, बाग, सूतकताई, स्वयंपाकघर, शौचालयाची स्वच्छता आणि मैल्याचं खत, हा दिवसच आरोग्याचा होता. नखं का कापायची हे फळ्यावर लिहून द्यावं लागत नसे, कारण त्याच हातांनी दुपारी भाकरी वाढायची असे. मुलाला तपासायचं नाही, मुलाच्या हातात त्याचं आरोग्य द्यायचं, हा विचार बडोद्याच्या पुढचा होता. आम्हाला तो आजही फार मोलाचा वाटतो.

पण त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. शाळेचा खर्च मुलांच्या हस्तोद्योगातून निघावा, या कल्पनेवर प्रा. के. टी. शाह यांनी परिषदेतच आक्षेप घेतले होते. आणि एक आक्षेप त्याहून खोल आहे. ब्राह्मणाच्या मुलानं झाडू हातात घेतला तर त्याचा अहंकार गळतो. ज्याच्या सात पिढ्यांनी झाडूच मारला, त्याच्या मुलाच्या हातात शाळेनंही झाडूच दिला तर त्याचं काय गळतं? झाडू तोच, काम तेच, पण दोघांसाठी त्याचा अर्थ एक नाही. विदर्भातल्या अनेक घरांनी मुलांना चरख्याकडे न पाठवता इंग्रजी शाळेकडे आणि कॉलेजकडे पाठवलं, त्यामागे ही समज होती. त्याला श्रमाचा तिटकारा म्हणणं अन्यायाचं होईल.

दुसरी परिषद डिसेंबरमधली, नागपूरची. अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन. देशभरातल्या सुशिक्षित, समाजसेवी स्त्रिया आलेल्या. स्त्रिया आणि मुलांचं कल्याण हेच त्या संस्थेचं काम. तिथे जाईबाई चौधरी आणि त्यांच्या सोबतिणींना जेवायला वेगळं बसवलं गेलं. वेगळी पंगत! त्याविरुद्ध दलित स्त्रियांनी लगेच निषेधसभा घेतली. ऑक्टोबरमध्ये सर्वांनी मिळून रांधावं, मिळून सफाई करावी असा विचार मांडला गेला, आणि डिसेंबरमध्ये एका शिक्षिकेला ताट वेगळं मांडलं गेलं. आमचा मुद्दा असा की दोन्ही ठिकाणची माणसं वाईट नव्हती. कल्याणाची भाषा येत असूनही पंगत चुकू शकते, हे त्यातून शिकायचं.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीचा अहवाल आला. शालेय आरोग्यसेवा भारतात जवळजवळ नाहीच, असं तिनं नोंदवलं. बडोद्याला सदतीस वर्षं होऊन गेली होती! पुढे १९६० साली केंद्र सरकारनं रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली, तिचा अहवाल १९६१ला आला. समित्या होत राहिल्या, आणि आमच्या शाळेत ओंजळ आणि पेला चालू राहिले.

मोठा बदल झाला तो जेवणानं. १५ ऑगस्ट १९९५ला प्राथमिक शिक्षणासाठी राष्ट्रीय पोषण आहार कार्यक्रम सुरू झाला. आपल्याकडे त्याचं रूप काय होतं? महिन्याला तीन किलो तांदूळ, हजेरी भरली की घरी न्यायचा. तो घरातल्या सगळ्यांत वाटला जाणार हे उघड आहे. २८ नोव्हेंबर २००१ला सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की शिजवलेलं जेवण द्या, किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षातले निदान २०० दिवस. मग आपली सुप्रसिद्ध खिचडी आली. पुढे प्राथमिकचं प्रमाण ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं झालं. खिचडीची चेष्टा पुष्कळ होते. 'शिक्षण कमी, खिचडी जास्त' हे आम्हीही कधीकाळी म्हटलं आहे. ते शब्द आज मागे घेतो. उपाशी पोरासमोर पाढे म्हणून दाखवणं सोपं असतं, त्याच्याकडून ऐकणं अवघड.

आणि त्याच खटल्यातला २० एप्रिल २००४चा आदेश पाहा. स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित, अनुसूचित जाती आणि जमातींच्या व्यक्तींना प्राधान्य द्या, असं न्यायालयानं सांगितलं. पोषणाच्या खटल्यात हे कशाला, असं कुणाला वाटेल. आतापर्यंतचं ऐकल्यावर तुम्हाला तसं वाटणार नाही. १९२३च्या ठरावातली यादी आणि १९३७ची पंगत या दोन्हींचं ते उशिरा आलेलं उत्तर आहे. उष्मांक ताटात मोजता येतात. त्या हाताचं वाढलेलं सगळ्या मुलांनी मांडीला मांडी लावून खाणं हे ताटाबाहेरचं पोषण.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो अगदी आपल्या घरचा आहे. १९५८ साली शुक्ल आणि सोळंकी या डॉक्टरांचं मध्य भारतातल्या सिकलसेलविषयीचं टिपण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. म्हणजे आम्ही पेल्यानं पाणी पीत होतो तेव्हाच. हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात आदिवासी आणि अनुसूचित जातींतल्या काही समाजांत अधिक आढळतो. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारात एक. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मूल असह्य दुखण्यानं तळमळतं. हे दुखणं उसळण्याचं एक नेहमीचं कारण कोणतं? शरीरातलं पाणी कमी होणं. या मुलांनी वरचेवर पाणी प्यायला हवं. त्यांच्या मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवणं जमत नाही, त्यामुळे त्यांना लघवीलाही वरचेवर जावं लागतं.

म्हणजे बघा, ज्या समाजांच्या मुलांना शंभर वर्षं शाळेत पाण्यासाठी ताटकळत ठेवलं, त्यांच्यातल्याच काही मुलांसाठी पाणी हे औषध आहे. सिकलसेलचा शोध लागण्याआधी अशी किती पोरं 'वातानं' किंवा 'अशक्तपणानं' गेली असतील, याचा हिशोब कुणाकडे नाही.

आज तपासणीची व्यवस्था आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ला आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्याची पथकं शाळेत वर्षातून एकदा येतात. नावात 'स्वास्थ्य' आहे, हे आम्हाला आवडलं. पण पथक एक दिवस येतं, आणि शाळा दोनशेहून जास्त दिवस भरते. 'बाई, पाणी पिऊन येऊ?' असं मूल विचारतं आणि 'आत्ताच तर मधली सुट्टी झाली, बस खाली' असं उत्तर मिळतं, तो क्षण कोणत्या पथकाला दिसणार? शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू आहे. त्याच्या परिशिष्टात सर्व मुलांना पिण्याचं सुरक्षित पाणी आणि मुलगे-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहं सांगितली आहेत. पण स्वच्छतागृह घाण असेल, कडी नसेल, तर मुलगी पाणीच पीत नाही. सकाळी निघताना एक घोट, मग घरी आल्यावर. बाटली भरलेली नेते आणि भरलेलीच आणते. आपल्या नातींना विचारून पाहा. माठ भरलेला असणं आणि तहान भागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तो वर्गमित्र आम्हाला पुष्कळ वर्षांनी एका लग्नात भेटला. दोघंही निवृत्त. बोलता बोलता शाळेचा विषय निघाला, आणि आम्ही धीर करून ओंजळीचं विचारलं. वाटलं होतं, तो अपमानाबद्दल बोलेल. तो जरा थांबला आणि आपल्या नागपुरी बोलीत म्हणाला, "तू पेल्यानं पेत होता. किती प्याचं, थे तू ठरवत होता. माह्यं वाढणारा ठरवत होता."

आम्ही चाळीस वर्षं स्वातंत्र्याची संकल्पना शिकवली. इतकी नेमकी व्याख्या आम्हाला वर्गात कधी सांगता आली नाही.

म्हणून शाळेतल्या मुलांच्या स्वास्थ्यासाठी काय करावं, असं कुणी विचारलं तर योजनांची यादी आमच्याजवळ नाही. योजना आहेत, त्या चालल्या पाहिजेत. आम्ही एवढंच सुचवू की शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीला जाल तेव्हा व्हरांड्यात थोडा वेळ उभे राहा. मूल परवानगी न मागता पाणी पितं का, ते पाहा. किती प्यायचं ते स्वतः ठरवतं का? मग न घाबरता लघवीला जाऊ शकतं का? जेवताना कुणी वेगळं बसतं का? या प्रश्नांना वजनकाटा लागत नाही. डॉक्टर लागत नाही, आणि तत्त्वज्ञानाचा डॉक्टर तर मुळीच लागत नाही.

आयोजक घड्याळ दाखवताहेत. समोर टेबलावर पाण्याचा पेला ठेवला आहे, तो उचलतो आणि थांबतो.